पेनड्राइव्हवरचा कर्नल: गोकुळ शिरगावच्या एका कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एक छोटा कारखाना आहे. जुन्या सीएनसी लेथ आणि मिलिंग मशीनचं रेट्रोफिट हा त्यांचा धंदा. बेड, स्पिंडल, बॉलस्क्रू ठणठणीत असतात, पण कंट्रोलर गेलेला असतो आणि त्याचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, अशा मशीनला हे लोक नवा मेंदू बसवून देतात. गिऱ्हाइकं बहुतेक शिरोली, उद्यमनगर आणि कागलकडची, फाउंड्रीतून आलेली कास्टिंग घासून-भोक पाडून देणारी. नवा मेंदू म्हणजे एक छोटा इंडस्ट्रियल पीसी, त्यावर डेबियन लिनक्स, त्यावर मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर, आणि ड्राइव्हशी, म्हणजे मोटर फिरवणाऱ्या युनिटशी, बोलायला इथरनेटवर चालणारं मेसा कंपनीचं कार्ड.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, कोणतं काम प्रोसेसरवर कधी चालेल ते ठरवणारा आणि हार्डवेअर सांभाळणारा भाग. या जोडणीत त्याचं महत्त्व एका आकड्यात आहे: १ मिलिसेकंद. दर मिलिसेकंदाला संगणक एन्कोडर या सेन्सरवरून अक्ष कुठे आहे ते वाचतो, कुठे असायला हवा होता ते काढतो आणि ड्राइव्हला पुढचा हुकूम देतो. हे चक्र वेळेवर झालं नाही, तर अक्ष ठरलेल्या जागेपासून मागे पडू शकतो, मग पडद्यावर ‘फॉलोइंग एरर’ येतो आणि मशीन जॉबच्या मधेच थांबते. साधा लिनक्स एकंदर काम जास्तीत जास्त उरकण्यासाठी बनलेला असतो. एखादं काम नेमक्या क्षणी होईलच, याची हमी तो देत नाही. इथं सरासरी कोणी विचारत नाही, सगळ्यात वाईट वेळ किती ते विचारतात. महिनाभर वेळेवर आलेली एसटी परीक्षेच्या दिवशीच चुकली, तर आधीच्या हजेरीचा काय उपयोग? म्हणून प्रीएम्प्ट आरटी (थोडक्यात आरटी) हा वेळ पाळायला लावणारा बदल केलेला रिअलटाइम कर्नल लागतो.

हा कर्नल कारखान्यातल्या एका इंजिनिअरने काही वर्षांपूर्वी बनवला होता. ५.१० मालिकेचा सोर्स (मूळ कोड), त्यावर त्या मालिकेचा आरटी पॅच (कोडमधल्या बदलांची फाइल), डेबियन ११ ची कॉन्फिग (कर्नलमध्ये काय घ्यायचं याची यादी), आणि त्यात स्वतःचे बदल. दोन डेब फाइली, म्हणजे डेबियनवर चढवायची पॅकेजं, तयार झाली: एक इमेजची, म्हणजे खुद्द कर्नलची, आणि एक हेडर्सची, म्हणजे त्यावर बाहेरचे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइलींची. ती एका पेनड्राइव्हवर गेली आणि पुढे प्रत्येक मशीनवर त्याच पेनड्राइव्हवरून चढली. काम चोख चाललं. मग इंजिनिअर पुण्याला नोकरीला गेला. मागे राहिला तो पेनड्राइव्ह आणि सर्व्हरवर ‘फायनल नवीन २’ नावाचा फोल्डर.

मला या प्रकरणात बोलावलं ते कागदपत्र लिहायला.

अडचण

दोन गोष्टी एकाच सुमाराला घडल्या.

पहिली साधी होती. ज्या बोर्डवर सगळं बसवलं होतं, ते बोर्ड कंपनीने बंद केलं. पर्यायी बोर्डवर जुना कर्नल सुरू व्हायचा, पण नव्या नेटवर्क चिपचा ड्रायव्हर त्यात नव्हता. नेटवर्क नाही म्हणजे मेसा कार्ड नाही, म्हणजे मशीन नाही. नवा कर्नल बनवणं भाग होतं आणि तो कसा बनवायचा हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट शिरोलीच्या एका पार्टीकडे झाली. वर्षभर नीट चाललेली मिलिंग मशीन अधूनमधून थांबायला लागली. रिकामी फिरवली की ठीक, पण लांबचा प्रोग्रॅम लावला की कधीतरी फॉलोइंग एरर. सर्व्हिसच्या मुलाने केबल बदलली, मग कार्ड बदललं, मग ड्राइव्हचे गेन कमी केले. शेवटी कारखान्यातल्या सॉफ्टवेअर बघणाऱ्या मॅडमनी फोनवर त्याला टर्मिनल उघडून कर्नलची आवृत्ती वाचायला सांगितली. तो वाचू लागला, ‘सहा पॉइंट एक…’ आणि मॅडम म्हणाल्या, “थांब. सहा कुठनं आलं?”

झालं होतं ते असं. पार्टीच्या पुतण्याला प्रोग्रॅम वायफायवरून मशीनवर टाकायचे होते. त्याने यूएसबी डोंगल लावला, तो चालला नाही. इंटरनेटवर वाचून त्याने डेबियनच्या बॅकपोर्ट्समधला (जुन्या डेबियनसाठी नव्या आवृत्त्या देणाऱ्या भांडारातला) नवा कर्नल चढवला. डोंगल चालू झाला, पोरगा खूश. पण ग्रब हा बूटलोडर आपणहून सगळ्यात वरच्या आवृत्तीचा कर्नल निवडतो, त्यामुळे पुढच्या वेळी ५.१० च्या ऐवजी साधा ६.१ सुरू झाला. लिनक्ससीएनसी अशा वेळी बंद पडत नाही. आपण रिअलटाइमशिवाय चालतोय अशी एक ओळ टर्मिनलवर लिहितो आणि पुढे जातो. ऑपरेटर डेस्कटॉपवरच्या चिन्हावर बोट ठेवून प्रोग्रॅम उघडतो, त्यामुळे ती ओळ दिसायला माणूसच नसतो.

पुतण्याला दोष देऊन मालक मोकळे झाले असते. पण डोंगल मुळात का चालला नव्हता, हा प्रश्न मॅडमनी लावून धरला. त्याचं उत्तर बरंच नंतर मिळालं, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तेच उत्तर आहे.

कोणते पर्याय होते

मालकांचा पर्याय सरळ होता. “त्याला रविवारी बोलवून घेऊ की. येतोय तो. अर्ध्या दिवसात करून देईल.” ते खोटं नव्हतं. जुना इंजिनिअर यायला तयार होता. पण त्यातून मिळाली असती ती आणखी एक डेब फाइल, आणि पुढचं बोर्ड बदललं की पुन्हा रविवार शोधावा लागला असता.

दुसरा पर्याय डेबियनचा तयार रिअलटाइम कर्नल वापरायचा. डेबियन आरटीचं वेगळं पॅकेज देतं, ते एका हुकमात बसतं, सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत राहतात. धास्ती एवढीच, की ते कधी बदलेल हे आपल्या हातात नाही.

तिसरा पर्याय स्वतः नवा कर्नल बनवायचा आणि बनवण्याची सगळी कृती लिहून काढायची. यासाठी वेळ बरा होता. सुमारे वीस वर्षं मुख्य लिनक्सच्या बाहेर पॅच म्हणून वाढलेलं आरटीचं काम सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्य सोर्समध्ये घेतलं गेलं आणि नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत आलं. ६.१२ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी मालिका ठरली. म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४ बिट बोर्डसाठी वेगळा पॅच शोधून तो अचूक आवृत्तीवर बसवायची कटकटच संपली.

बंद कंट्रोलर विकत घ्यायचा चौथा पर्यायही कोणीतरी बोललं. पण मग धंदाच वेगळा झाला असता.

ठरलं ते असं: बनवायचा स्वतःचाच, पण आधी डेबियनचा तयार आरटी कर्नल नव्या बोर्डवर लावून मोजायचा, म्हणजे तुलनेला काहीतरी राहील. मोजणी शेवटी करायची असते असं पुष्कळांना वाटतं. इथं ती आधी झाली आणि पुढच्या बऱ्याच वादांवर पडदा पडला.

काय केलं

सुरुवात जुन्या पॅकेजच्या उलगड्याने झाली. तयार डेब फाइलमधून वाटतं त्यापेक्षा बरंच परत मिळतं. कॉन्फिग फाइल कर्नलबरोबर बूट फोल्डरमध्ये उतरते. पॅच कोणता ते आवृत्तीच्या नावातल्या आरटीच्या क्रमांकावरून कळतं. कंपायलर कोणता, कुणाच्या खात्यावरून आणि कधी बांधला हेही कर्नल स्वतःच सांगतो. मिळत नाही ते दोनच: सोर्समध्ये हाताने काही बदललं होतं का, आणि प्रत्येक बदल कशासाठी केला होता.

पहिल्यासाठी मॅडमनी त्याच आवृत्तीचा कोरा सोर्स उतरवला, त्यावर तोच पॅच बसवला आणि ‘फायनल नवीन २’ शी ओळ न् ओळ ताडून पाहिला. निघाली एका ड्रायव्हरमधली एक छापण्याची ओळ, बहुधा दोष शोधताना टाकलेली आणि तिथंच राहिलेली. पण ही पॅकेजं नेमकी याच फोल्डरमधून बांधली गेली होती का, हे सिद्ध करायला काही नव्हतं. इथं थांबायचं की आणखी खणायचं, यावर बरीच चर्चा झाली. तोच जुना कर्नल पुन्हा बांधायचा प्रयत्नही झाला. तो सुरुवातीलाच अडला, कारण डेबियनच्या त्या कॉन्फिगमध्ये डेबियनच्या स्वतःच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा पत्ता असतो आणि ती फाइल कोऱ्या सोर्समध्ये नसते. तो पत्ता रिकामा केला की गाडी पुढे सरकते. ही गोष्ट कुठेही लिहिलेली नव्हती, जुन्या इंजिनिअरने ती केली असणारच. शेवटी जुन्याची हुबेहूब प्रत काढायचा नाद सोडला. कर्नलमध्ये बांधणीची वेळ आणि बांधणाऱ्याचं नाव शिरत असल्यामुळे बाइट न् बाइट जुळवणी अशीही झाली नसती.

दुसऱ्या प्रश्नाला उपाय एकच होता, फोन. मॅडमनी दोन कॉन्फिगमधल्या फरकांची यादी काढली आणि एकेक ओळ वाचून विचारत गेल्या.

“दादा, टाइमरचा वेग १००० हर्ट्झ का ठेवला होता?”

“तेव्हा कुठंतरी वाचलं होतं. करून बघितलं, चाललं, म्हणून ठेवलं.”

चक्राची वेळ हाय रिझोल्यूशन टाइमर सांभाळतात, त्यामुळे इथं त्या आकड्याने मोठा फरक पडत नाही. तो बदल गळाला. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमधला एक बदल जुन्या बोर्डच्या दोषासाठी होता, तोही गळाला. मग वायफायचे सगळे ड्रायव्हर का काढले, असं विचारल्यावर ते हसले. “माझा लॅपटॉप लई हळू होता. बांधायला रात्र जायची. मशीनवर वायफाय कशाला लागतंय, म्हणून काढून टाकलं.”

शिरोलीच्या डोंगलचं उत्तर हे होतं. लॅपटॉप हळू होता म्हणून काढलेले ड्रायव्हर, त्यामुळे न चाललेला डोंगल, म्हणून चढवलेला नवा कर्नल, म्हणून थांबणारी मशीन. तेव्हा तो निर्णय चुकीचा नव्हता. पण त्याच्या शेजारी ‘फक्त बांधणीचा वेळ वाचवायला’ एवढे शब्द असते, तर चांगला संगणक आल्याबरोबर कुणीतरी ते ड्रायव्हर परत घातले असते.

यानंतर कागदपत्राचा साचा आपोआप ठरला. हजारो ओळींची पूर्ण कॉन्फिग जपून ठेवण्याऐवजी डेबियनची कॉन्फिग पाया धरायची आणि आपले बदल वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवायचे. कर्नलच्या सोर्समध्येच हे दोन जोडणारी स्क्रिप्ट मिळते. छोट्या फाइलमधल्या प्रत्येक ओळीवर एक टिप्पणी सक्तीची: का, कोणत्या बोर्डसाठी, आणि काढलं तर काय बिघडेल. ज्या ओळीला ‘का’ लिहिता आलं नाही ती ओळ गेली. उरलेली यादी एका पडद्यावर मावते.

यातली एक खोच कृतीत ठळक करून लिहिली आहे. प्रीएम्प्ट आरटी हा पर्याय कॉन्फिगमधला ‘एक्स्पर्ट’ हा दुसरा पर्याय चालू केल्याशिवाय उपलब्धच होत नाही. फाइलमध्ये तो मागितला आणि एक्स्पर्ट विसरलं, तर जोडणीनंतर तो गुपचूप गायब होतो. बांधणी सुरळीत पार पडते, पॅकेज तयार होतं, आणि आत साधाच कर्नल असतो. म्हणून जोडणीनंतर अंतिम कॉन्फिगमध्ये ती ओळ शोधून बघायची, नसेल तर तिथंच थांबायचं.

नावाचाही नियम केला. बांधणीच्या वेळी आवृत्तीला आपली शेपटी जोडता येते. एकही पर्याय बदलला तरी शेपटीतला क्रमांक वाढवायचा. एकाच नावाचे दोन कर्नल एकमेकांच्या मॉड्यूलच्या (ड्रायव्हरसारख्या सुट्या भागांच्या) फोल्डरवर बसतात, मग मशीनवर नक्की कोणता आहे हे नावावरून सांगता येत नाही. डीबगची माहिती बंद करायची, नाहीतर पॅकेजं आणि डिस्क दोन्ही फुगतात. सोर्सची सही (फाइल अस्सल असल्याची डिजिटल खूण) तपासताना आधी आवरण उलगडायचं, कारण कर्नल डॉट ऑर्गवरची सही दाबलेल्या फाइलवर नसून आतल्या टार फाइलवर असते. नवखा माणूस इथं हमखास अडतो आणि सही खोटी आहे असं समजतो.

पॅकेज करण्याचं मुख्य काम ‘मेक बिनडेब-पीकेजी’ हा हुकूम करतो. त्यातून इमेज आणि हेडर्सच्या डेब फाइली निघतात. पण शिरोलीची गोष्ट त्याने सुटली नसती. त्यासाठी मॅडमनी आणखी एक छोटं पॅकेज बनवलं. ते आमच्या कर्नलवर अवलंबून असतं, इन्स्टॉल होताना ग्रबमध्ये तोच कर्नल ठरलेला म्हणून नोंदवतं आणि बूटच्या वेळचे पर्याय घालतं. शिवाय लिनक्ससीएनसी सुरू होण्याआधी एक तपासणी करतं. चालू कर्नल रिअलटाइम नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं: ‘मशीन चुकीच्या कर्नलवर सुरू झाली आहे. जॉब लावू नका. सर्व्हिसला फोन करा.’ एकंदर कामात सगळ्यात कमी वेळ याला लागला असेल, आणि मशीनवर उभ्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग याचाच आहे.

मग परीक्षा. मसुदा मॅडमच्या सांगण्यावरून मी लिहिला होता. तो चालवायला दिला सर्व्हिसच्या मुलाला. डिप्लोमा झालेला, लिनक्स वापरलेला, पण कर्नल कधी बांधलेला नाही. नवीन डेबियन टाकलेला कोरा पीसी, आणि अट अशी की तो काही विचारेल तेव्हा उत्तर तोंडी द्यायचं नाही, कागदात घालायचं.

तो लगेच अडला. फाइली कॉपी करणारा आरसिंक हा प्रोग्रॅम नाही, म्हणून हेडर्सची पायरी फसली. मॅडमच्या मशीनवर ते कधीपासून होतं, म्हणून यादीत यायचं राहिलं होतं. त्याचप्रमाणे बांधणीला लागणारे बायसन, फ्लेक्स, बीसी, ओपनएसएसएल आणि एल्फच्या डेव्हलपमेंट लायब्ररी हे सगळं एका ठिकाणी आणलं. पुढे कर्नल बांधून झाला, चढवला, आणि नव्या बोर्डने तो सुरूच करायला नकार दिला. या बोर्डवर सिक्युअर बूट (सही नसलेला कर्नल सुरू होऊ न देणारी सोय) बोर्डच्या कंपनीकडूनच चालू येतं आणि आपला कर्नल सही केलेला नसतो. स्वतःच्या किल्लीने सही करता येते, पण मग प्रत्येक मशीनवर ती किल्ली नोंदवायची आणि ती जपायची जबाबदारी येते. पॅनेलच्या आत कुलपात असलेल्या पीसीसाठी सिक्युअर बूट बंद करायचं ठरलं, आणि तो निर्णय कारणासकट लिहिला.

त्यातून बायोसचं स्वतंत्र पान झालं, फोटोंसकट. सिक्युअर बूट, सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्या), हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं एकदम), वेग आपोआप कमी-जास्त करणारे पर्याय. कर्नल कितीही चांगला बांधला तरी प्रोसेसर गाढ झोपेत गेला की त्याला उठायला वेळ लागतो, आणि तो वेळ चक्रातून जातो. काही बोर्डवर फर्मवेअर स्वतःच प्रोसेसर क्षणभर ताब्यात घेतं, ते कर्नलला कळतही नाही.

मोजणी सायक्लिकटेस्ट या उशीर मोजणाऱ्या प्रोग्रॅमने केली, रात्रभर, सोबत प्रोसेसर, डिस्क आणि पडद्यावर मुद्दाम ताण टाकून. मर्यादा ठरवायला जुनी नोंद नव्हती. चक्र १००० मायक्रोसेकंदांचं. त्यात कार्डाशी इथरनेटवरून येणं-जाणं आणि हिशेब दोन्ही बसवायचं. म्हणून सगळ्यात वाईट उशीर १०० मायक्रोसेकंदांच्या आत हवा असं धरलं. टेबलावर पास झालेला पीसी बंद पॅनेलमध्ये तापल्यावर पुन्हा मोजायचा, हीही पायरी आहे. भट्टीशेजारच्या शेडमधला एप्रिल टेबलावर दिसत नाही.

लायसन्सचा मुद्दा थोडक्यात. कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. बांधलेला कर्नल मशीनबरोबर विकला, तर त्याचा पूर्ण सोर्स बरोबर द्यावा लागतो किंवा किमान तीन वर्षं मागेल त्याला देण्याची लेखी तयारी लागते. ‘फायनल नवीन २’ च्या भरवशावर ते कुणाला छातीठोकपणे देता आलं नसतं. आता सोर्स, बदलांची फाइल आणि स्क्रिप्ट एकाच गिट रिपॉझिटरीत (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) आहेत आणि आवृत्तीच्या नावाने खूण केलेली आहे.

निष्पत्ती

सर्व्हिसच्या मुलाने कुणालाही न विचारता कोऱ्या पीसीवरून पॅकेज काढलं, त्या दिवशी कृती पूर्ण मानली. नव्या बोर्डवर ६.१२ चा स्वतःचा कर्नल बसला, मर्यादेच्या आत राहिला आणि मशीन पार्ट्यांकडे गेल्या. शिरोलीच्या मशीनचं बोर्ड जुनंच आहे, पण तिलाही हाच कर्नल आणि छोटं पॅकेज मिळालं. वायफायचे ड्रायव्हर परत आत आहेत, पुतण्याचा डोंगल चालतो.

एक गोष्ट मात्र मालकांना फारशी रुचली नाही. सुरुवातीला तुलनेसाठी लावलेला डेबियनचा तयार आरटी कर्नलही, बायोस आणि बूटचे पर्याय नीट केल्यावर, त्याच मर्यादेत बसला होता. फरक कर्नल कुणी बांधला यापेक्षा बायोसच्या पानाने जास्त पडत होता. तेव्हा मालक म्हणाले, “आपल्या मशीनमधलं आपण ठरवल्याशिवाय बदलायचं न्हाई.” ती भीती रास्त होती, पण पॅकेजची आवृत्ती रोखून धरायची सोय डेबियनमध्येही आहे, आणि माझं मत तेव्हाही तयार पॅकेजच्या बाजूने होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, तेही ६.१२ मालिकेवरच. मॅडमनी मोजणीचे दोन्ही आलेख शेजारी ठेवले आणि नवीन मशीनसाठी डेबियनचाच आरटी कर्नल, आवृत्ती रोखून, घ्यायचं ठरलं. छोटं पॅकेज आणि तपासणी तशीच राहिली. बांधणीची कृती आता एखादं बोर्ड तयार कर्नलवर चाललं नाही तरच काढायची, असं पहिल्या पानावर लिहिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जुन्या इंजिनिअरला फोन सोर्सच्या ताडणीआधी करायला हवा होता. एका संभाषणात जे मिळालं ते फाइली ताडून कधीच मिळालं नसतं. संकोच आड आला, सोडून गेलेल्या माणसाला कसं विचारायचं म्हणून. त्याला स्वतःला त्यात काहीच वाटलं नाही.

त्याहून आधी, तो जाताना त्याच्याकडून कागद लिहून घेण्यापेक्षा दुसऱ्या कुणाला बांधायला बसवून त्याला फक्त शेजारी बसवलं असतं तर बरं झालं असतं. जाणारा माणूस लिहितो ते त्याला आठवतं तेवढंच. आरसिंक कुणाला आठवत नाही.

बायोसच्या फोटोंबद्दल माझी शंका कायम आहे. फर्मवेअर बदललं की मेनूच्या जागा हलतात आणि फोटो दिशाभूल करतात. पर्यायाचं नाव आणि त्याची कसोटी लिहून फोटो फक्त सोबतीला ठेवावेत, असं मी सुचवलं होतं. सर्व्हिसच्या मुलांनी फोटोच मागितले. पॅनेलसमोर उभं राहून परिच्छेद कोण वाचतं, हा त्यांचा मुद्दाही खराच.

जुन्या बोर्डवरच्या बाकीच्या मशीनचं अजून ठरलेलं नाही. त्यांच्यावर ५.१० आहे आणि त्या मालिकेचा सांभाळ डिसेंबर २०२६ पर्यंतच आहे. बहुतेक मशीन इंटरनेटला जोडलेल्या नाहीत, त्यामुळे घाई नाही असं मालक म्हणतात. शिरोलीची मशीनही जोडलेली नव्हती, असं मॅडम म्हणतात. सध्या सर्व्हिसच्या नेहमीच्या फेरीत जाईल तिथं निदान तपासणीचं पॅकेज चढवायचं, एवढ्यावर दोघांचं एकमत आहे.